काळ्या शालीखालचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, माझ्यात बघून या घरात कुणी केस विंचरत नाही. येणारी माणसं माझ्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवतात, आणि मुलांना तर कुणी माझ्याकडे फिरकूच देत नाही. माझ्या कडांना काळे डाग पडले आहेत, पण डागांना कोण भितं? लोक भितात ते मी एकदा भलत्या वेळी उघडा राहिलो म्हणून. ती हकीकत मी आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म यॉर्क शहरातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा आरसे पाऱ्याचे करत. दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा आणि वरून काच हलकेच सरकवायची. ज्याने मला घडवलं त्याचे हात सतत थरथरत असत. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं अंगात गेली की असं होतं. त्याने मला उभं केलं, माझ्यात स्वतःचे पडलेले दात पाहिले, "हा चांगला उतरला" असं पुटपुटला आणि मला गुंडाळून ठेवलं. मी पाहिलेला तो पहिला चेहरा. तो अजून माझ्यात आहे. आरशात काहीच राहत नाही असं तुम्हांला वाटतं ना? वाटू द्या.

तिथून मी रेवनविकला आलो. समुद्राकाठचं, चढणीवरचं, मासेमारांचं गाव. कप्तान स्टोर यांनी मला घेतलं आणि पुढच्या खोलीत चुलीवरच्या फळीच्या वर टांगलं. मागल्या खोलीचं दार माझ्या बरोबर समोर होतं. कप्तान गेले तेव्हा घर त्यांच्या मुलीच्या, टेमरच्या नावावर झालं. टेमरबाईंनी लग्न केलं नाही. त्यांचा भाऊ जॉस, तोही बिनलग्नाचा, माडीवर राहायचा आणि जाळी दुरुस्त करायचा. दोघं दिवसभर भांडत आणि जेवायला मात्र एकमेकांसाठी खोळंबत.

एका हिवाळ्यात टेमरबाई बर्फावरून घसरल्या. कमरेचं हाड मोडलं ते पुन्हा नीट बसलंच नाही. त्यांचा बिछाना मागल्या खोलीत पडला. ती खोली इतकी अरुंद की बिछान्याशेजारी एक तिपाई मावायची, आणि उजेड म्हणाल तर नावालाच. पण दार उघडं असलं की त्यांना उशीवरून मी दिसायचो, आणि माझ्यात पुढची सगळी खोली. खिडकीजवळचं मेज, उंबरा, येणारेजाणारे. मेज स्वतः त्यांना कधी दिसत नसे, मधे भिंत होती. त्यांनी जग पाहिलं ते माझ्यातून.

"डॉर्कस, त्या दूधवाल्याचे बूट बघ. पुसल्याशिवाय आत पाऊल टाकू देऊ नकोस," त्या बिछान्यातून ओरडायच्या. दूधवाला दचकून मागे वळून बघायचा. मला त्या वर्षांचा फार अभिमान आहे. एका माणसाचे डोळे होणं प्रत्येक आरशाच्या नशिबी नसतं.

डॉर्कस म्हणजे टेमरबाईंनी वाढवलेली पोर. तिच्या बापाची होडी परत आली नाही, आई त्या दुःखाने गेली, आणि टेमरबाई तिला बोटाला धरून घरी घेऊन आल्या. ती त्यांना मावशी म्हणायची, जॉसला मामा. नातं कसलंच नव्हतं, आणि तेव्हा आमच्याकडचा कायदा दत्तकही मानत नव्हता. बाई गेल्यावर सगळं जाणार होतं ते भावाकडे, आणि भावामागून सायलसकडे. सायलस हा दुसऱ्या, मेलेल्या भावाचा मुलगा. लीड्सला त्याचं टोप्यांचं दुकान होतं. नाताळात यायचा, माझ्यासमोर उभा राहून टोपी तिरकी करायचा आणि त्याच नजरेने भिंतींची लांबी-रुंदी मापायचा.

एका दुपारी जॉस जाळं विणता विणता बसल्या जागी गेला. शेजारची पेगी हार्कर धावत आली. तिने आधी घड्याळ थांबवलं, मग स्वतःच्या खांद्यावरची काळी शाल काढून माझ्यावर टाकली. मेलेल्याचे डोळे मिटायला ती त्यानंतर गेली. रेवनविकची समजूत अशी, की माणूस मेल्यापासून त्याला माती मिळेपर्यंत आरसा उघडा राहता कामा नये. गेलेला माणूस आरशाशी येऊन उभा राहतो, आणि त्याला जो पाहील तो त्याच्यामागून जातो. लोक मातीहून परतले की मग शाल काढायची. यात गावात कुणी कधी चूक केली नव्हती.

मित्रांनो, शालीखाली काळोख होता. बाहेर बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, कुणी शवपेटीला खिळे ठोकत होतं. आणि त्या काळोखात माझ्यासमोर कुणीतरी उभं होतं. शाल हलत नव्हती, श्वास ऐकू येत नव्हता. पण समोर कुणी उभं आहे हे आरशाला कळतं, जसं तुम्हांला पाठीमागे कुणी आहे ते कळतं.

मातीच्या दिवशी शवपेटी उचलली गेली आणि गाव भजनं म्हणत चढणीला लागलं. घरात चौघं उरली. बिछान्यात टेमरबाई, त्यांच्यापाशी डॉर्कस, मातीहून परतणाऱ्यांसाठी मांस कापायला आणि चहा ठेवायला पेगी, आणि चौथे शाळेचे रीड मास्तर. मास्तरांचे गुडघे चढण चढू देत नव्हते, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"मास्तर, तो कागद आणलात ना?" आतून टेमरबाई म्हणाल्या.

"आणलाय. पण आज नको. आज जॉसचा दिवस."

"जॉस सकाळी पाव मागत होता आणि दुपारी गेला. मी उद्याच्या भरवशावर राहू?"

तो कागद म्हणजे मृत्युपत्र. मास्तरांनीच ते मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. घर आणि घरातलं सगळं डॉर्कसला, कप्तानांची दुर्बीण सायलसला, आणि ही वाटणी पार पाडण्याचं काम मास्तरांकडे. मास्तर आणि पेगी बिछान्याशी दाटीवाटीने उभे राहिले. त्यांच्यासमोर टेमरबाईंनी ताटावर कागद ठेवून सही केली. आता साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या.

"इथे मला माझी बोटंसुद्धा दिसत नाहीत," मास्तर म्हणाले. "चल पेगी, खिडकीपाशी मेजावर करू."

एवढी एकच चूक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने ती केली. दोघं बाहेर आले. मी अजून शालीखालीच होतो, पण आवाज ऐकत होतो.

"डॉर्कस," टेमरबाई हळूच म्हणाल्या, "ती शाल काढ."

"मावशी, मामाला अजून माती मिळाली नाही."

"माझ्या घराचा कागद आहे. कोण काय लिहितंय ते मला बघायचंय."

"पेगीकाकू मला उभी चिरेल."

"तिची पाठ आहे आरशाकडे, आणि मास्तरांना हत्ती दिसायचा नाही. काढ गं. जॉसला मी कडेवर खेळवलाय. तो मला काय करणार?"

डॉर्कस आली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि शाल ओढली.

मला उजेड दिसला, मेज दिसलं. नाक कागदाला लावून सही करणारे मास्तर दिसले. त्यांच्या शेजारी पेगी बसली होती, कोपर मेजावर टेकून. आणि पेगीच्या खुर्चीमागे जॉस उभा होता. अंगात रोजचा निळा विणलेला स्वेटर. खोलीत तो नव्हता. माझ्यात होता. फाटलेलं जाळं बघावं तसा तो कागदाकडे वाकून बघत होता.

उशीवरून टेमरबाईंची नजर मेजावर आली, पेगीवर आली, आणि मग थोडी वर गेली. त्यांनी पाहिलं. मला ते टाळता आलं नाही. आरसा डोळे मिटू शकत नाही.

"पेग, तुझी बाही शाईत बुडतेय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"अगं बाई," म्हणून पेगीने हात उचलला आणि पुढे सही केली.

मग टेमरबाई अगदी हलक्या, घरगुती आवाजात बोलल्या. "जॉस, थांब जरा. इथलं आटपू दे."

ते फक्त डॉर्कसने ऐकलं. तिने शाल पुन्हा माझ्यावर टाकली, ती वेडीवाकडी पडली, तिने सारखी केली. लोक परतल्यावर पेगीने रीतसर ती काढली, सगळ्यांनी चहा घेतला, आणि जॉस किती चांगला होता ते सांगितलं. टेमरबाईंनी पुढचा रविवार पाहिला नाही.

मित्रांनो, तुम्हांला वाटेल, मृत्युपत्र लिहिलं, सह्या झाल्या, म्हणजे झालं. तसं नसतं. तो कागद कोर्टात दाखवावा लागतो. कोर्टाने तपासून, खरा ठरवून शिक्का दिला, की त्याला प्रोबेट म्हणतात. तो शिक्का मिळेपर्यंत घरातली एक कपबशीसुद्धा कुणाची नसते. मेलेल्या माणसाचीच असते. ते दिवस फार विचित्र होते. खुर्च्या, भांडी, बिछाना, मी, आम्ही सगळे अशा बाईच्या मालकीचे होतो जी नव्हती. मास्तर काठी टेकत यायचे, डॉक्टरांचं आणि सुताराचं देणं लिहून घ्यायचे, कुलपं तपासायचे, आणि जाताना मागल्या खोलीच्या दाराकडे बघून "येतो" म्हणायचे. कुणाला म्हणायचे, हे त्यांनाच ठाऊक.

सायलसने कोर्टात हरकत घेतली. त्याच्या वकिलाने नेमकी ती चूक हेरली. साक्षीदारांनी सह्या करायच्या त्या मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर, निदान त्याला बघायचं म्हटलं तर दिसेल अशा जागी. बिछान्यातून मेज दिसत नाही. आरशातून दिसलं असतं, पण आरसा तर झाकलेला होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मी काही राक्षस नाही," सायलस डॉर्कसला म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत राहा खुशाल. पण नियम म्हणजे नियम. आत्याचं रक्त माझ्या अंगात आहे, तुझ्या नाही."

"रक्त तुमच्याकडे होतं, साहेब. रात्रीबेरात्री कूस वळवायला हात माझे लागायचे," डॉर्कस म्हणाली आणि भांडी घासू लागली.

जज्ज स्वतः घर बघायला येणार असं ठरलं. त्या सकाळी मास्तर लवकर आले. डॉर्कस माझ्यासमोर उभी होती, पण बघत होती जमिनीकडे.

"पोरी, खरं सांग. शाल काढली होतीस?"

तिने चुलीवरची फळी पुसायला घेतली.

"काढली असशील तर घर तुझं. नसशील तर सायलसचं. चूक माझी आहे, पण ती आता तुझ्या तोंडूनच निस्तरेल."

"काढली म्हटलं की गाव म्हणेल, हिने मावशीला मारलं."

"गाव काहीही म्हणेल. तू काय म्हणतेस?"

"मलाही तसंच वाटतं, मास्तर."

मास्तर काठी टेकून खुर्चीत बसले. मला त्या क्षणी वाचा असती तर मी सांगितलं असतं की टेमरबाई घाबरल्या नव्हत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. पण आरशाला वाचा नसते, आणि डॉर्कस माझ्याकडे बघत नव्हती.

जज्ज आले. बरेच जाडे गृहस्थ होते. बूट काढून ते टेमरबाईंच्या बिछान्यावर आडवे झाले, तेव्हा बिछाना असा कण्हला की दारातल्या बायकांनी रुमालाआड हसू दाबलं.

"मेज दिसत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "आरशात मात्र दिसतं. वकीलसाहेब, मेजावरचं ते बिस्किट जागच्या जागी ठेवा."

मग पेगीची साक्ष झाली. अंगात तिचा तोच काळा पोशाख होता. गरिबाघरी काळा पोशाख एकच असतो. "आरसा मी झाकला," ती ताठ मानेने म्हणाली, "आणि लोक परतल्यावर मीच उघडला. मधे कुणी हात लावला नाही. रेवनविकमध्ये असलं कुणी करत नाही, साहेब."

सायलसचा वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं. गप्प राहिली असती तर डॉर्कसचं घर जात होतं आणि नाव राहत होतं. तिने हात पुसले आणि पुढे आली.

"मी काढली शाल. मावशीने सांगितलं म्हणून. सह्या झाल्यावर परत घातली."

दारातली गर्दी एक पाऊल मागे सरली. कुणीतरी म्हणालं, "म्हणून गेली ती." हळूच म्हणालं, पण सगळ्यांनी ऐकलं.

"घर मिळणार असेल तर कुणीही असं सांगेल," वकील म्हणाला.

"घरासाठी नाही सांगत," डॉर्कस म्हणाली. "तिला बघायचं होतं, तिने बघितलं. आता मी नाही म्हटलं तर तिचं ते बघणं फुकट जाईल. मला घर नको वाटतंय आज. पण तिने ते मला दिलंय."

पेगी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. रागाने तिचे ओठ मिटले होते. ती आपल्या उजव्या हाताची बाही चिमटीत धरून चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला. ती कितीतरी वेळ त्या बाहीकडे बघत राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मला अजून एक सांगायचंय. सांगू नये असं वाटतंय, पण मी बायबलवर हात ठेवलाय."

"सांगा."

"मी सही करत होते तेव्हा टेमर आतून ओरडली. म्हणाली, पेग, तुझी बाही शाईत बुडतेय."

"आणि बुडत होती?"

"होती. हे बघा ना."

काळ्यावर काळा डाग, दिसत काहीच नव्हतं. जज्जांनी बोट फिरवून पाहिलं. कापड तेवढ्याच जागी ताठर झालं होतं.

"बिछान्यातून भिंतीपलीकडची बाही कशी दिसेल, बाई?"

"नाही दिसणार," पेगी म्हणाली, आणि एकाएकी तिला रडू कोसळलं. "आरसा उघडा होता. माझ्या पाठीमागे तो उघडा होता, आणि मी तिथे बसले होते."

मृत्युपत्र खरं ठरलं. पुढे शिक्क्याचा कागद आला, मास्तरांनी सगळ्यांची देणी फेडली, दुर्बीण सायलसच्या हातात ठेवली आणि किल्ली डॉर्कसच्या. सायलस जाताना सवयीने माझ्यासमोर थांबला, टोपीला हात लावला, आणि काहीतरी आठवून झटकन बाहेर पडला. टोपी सरळच राहिली.

डॉर्कसला घर मिळालं, पण घरात येणारं माणूस राहिलं नाही. बायका रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जात. पेगी तेवढी धुण्याच्या दिवशी यायची, माझ्याकडे पाठ करून बसायची आणि तास दोन तास पावसापाण्याचं बोलून उठायची. ज्या दिवशी किल्ली मिळाली त्याच दिवशी डॉर्कसने मला उलटं केलं. भिंतीकडे तोंड.

मित्रांनो, कितीतरी वर्षं मी चुना पाहिला. माझा पारा सुटू लागला, कडा काळ्या पडल्या. ज्याने एका माणसाला जग दाखवलं, त्याला हे दिवस यावेत याचं मला वाईट वाटायचं. पण एकटा मी नव्हतो. पाठीवर डॉर्कसच्या पावलांचा आवाज यायचा, आणि माझ्या आत दोन माणसं जेवायला एकमेकांसाठी खोळंबलेली असायची.

डॉर्कस म्हातारी झाली. पेगीची नात हेटी तिची उसाभर करू लागली, आणि त्याच मागल्या खोलीत तिचाही बिछाना पडला. घर हेटीला द्यायचं तिने ठरवलं. शहरातून एक तरुण वकील आला, साक्षीला डॉक्टर आणि परिचारिका आली. मास्तरांची चूक आता सगळ्यांना पाठ होती.

"तिपाई बिछान्यापाशी घ्या," वकील म्हणाला. "सह्या बाईंच्या डोळ्यांसमोर झाल्या पाहिजेत."

"कायद्यासाठी तिपाई घ्या," डॉर्कस म्हणाली. "माझ्यासाठी आरसा सरळ करा."

"आजी, नको ना," हेटी म्हणाली. "तो आरसा नको."

"मी आयुष्यभर नको म्हटलं, बाळ. आता पुरे."

वकील परगावचा, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने मला उतरवलं आणि वळवून टांगलं. उघड्या दारातून मला पुन्हा तो बिछाना दिसला. उशीवर डॉर्कसचा पिकलेला चेहरा होता. तिने भीतभीत डोळे उघडले आणि इतक्या वर्षांनी माझ्यात पाहिलं.

बिछान्याच्या उशाशी टेमरबाई उभ्या होत्या. एक हात उशीवर, डॉर्कसच्या केसांजवळ. चेहऱ्यावर राग नव्हता, कधीच नव्हता. त्यांचं लक्ष डॉर्कसकडे नव्हतंच. त्या भुवया चढवून तिपाईकडे बघत होत्या, दूधवाल्याच्या बुटांकडे बघायच्या तशा.

डॉर्कसने त्यांची नजर धरून पाहिलं.

"बाई, बाही सांभाळा," ती परिचारिकेला म्हणाली. परिचारिकेने दचकून हात उचलला. पांढऱ्या बाहीची कड शाईला नुकती लागली होती.

डॉर्कस हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग ती अगदी हलक्या, घरगुती आवाजात बोलली. "मावशी, थांब जरा. इथलं आटपू दे."

मित्रांनो, आज मी हेटीच्या घरात आहे. माझ्यावर तीच काळी शाल असते, आणि माझा उरलेला पाराही गळत चालला आहे. तुम्हांला माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या माणसाला काय हवं आहे ते तो असताना विचारा, आणि जे लिहायचं ते त्याच्या डोळ्यांसमोर लिहा, म्हणजे मागे राहिलेल्याला जन्मभर मान खाली घालावी लागत नाही. आणि कधी या घरी आलात तर माझ्यावरची शाल बाजूला करून काच पुसा. आत उभी असलेली माणसं कुणाला न्यायला आलेली नाहीत. ती तुमच्या बाहीकडे बघत आहेत.